सिस्टर आत आहेत

सिस्टर पेडणेकर गेल्याची बातमी दिघीच्या बबनने आणली. माझ्या घरी आता फोन आहे, पण वाईट बातमी समोर उभं राहून सांगावी असं बबनचं मत आहे. टोपी काढून तो दारात उभा राहिला. "सायेब, आपल्या सिस्टर गेल्या. सकाळी, हास्पिटलात." मग टोपीची घडी घालत म्हणाला, "शेवटपातुर तिथल्या नर्सला बोलत व्हत्या वो. सलाईनची सुई वाकडी लावली म्हनून." आणि आम्ही दोघं, एक रिटायर झालेला कामगार अधिकारी आणि एक रिटायर व्हायला टेकलेला टर्नर, त्या दारात चक्क हसलो.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या कँटीनमध्ये शोकसभा झाली. तीत सिस्टर शांत, सोशिक आणि निगर्वी होत्या असं तीन वक्त्यांनी सांगितलं. तिघांपैकी कुणाचीही त्यांच्याशी कधी गाठ पडली नसावी. शांत माणसाचा आवाज दवाखान्यातून कास्टिंग शॉपपर्यंत जात नाही. सोशिक माणूस आमच्या डॉक्टर मेजरसाहेबांना घाम फोडत नाही. आणि निगर्वी? आपल्या रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट फ्रेम करून त्यांनी रुग्णाच्या खाटेसमोर लावलं होतं. इथे कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आडव्या पडलेल्या माणसाला वाचायला दुसरं काय असतं, जोगळेकर? आपल्याला टाके कोण घालतंय ते कळू दे मेल्यांना." सभेत मी दोन वाक्यं बोलून बसलो, कारण चहा गार होत होता. बाकीची वाक्यं ही इथे.

चीनच्या युद्धानंतरची ती वर्षं. पिंपरी-चिंचवडच्या माळावर पहिल्या पावसानंतर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा शेडा उगवत होत्या. परवापर्यंत बाजरी खुरपणारी माणसं लेथवर उभी राहिली होती, कुरुळी आणि दिघीहून सायकली मारत शिफ्टला येत होती, आणि मशीनलाही बैलासारखं चुचकारून पाहत होती. बैल लाथ मारण्यापूर्वी निदान शेपटी तरी हलवतो; मशीनला ती रीत नाही. कायद्याने दवाखाना हवा म्हणून आमच्याकडे दवाखाना होता: एक खोली, एक खाट, स्टोव्हवर सुया उकळायचं भांडं आणि देवगडकडच्या, मुंबईच्या इस्पितळात शिकलेल्या, परीक्षा देऊन नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात नाव चढलेल्या सिस्टर पेडणेकर. डॉक्टर पुण्याहून दुपारी तासभर येत. माणसांची बोटं मात्र डॉक्टरांची वेळ पाहून मशीनमध्ये जात नसत. तेव्हाचे आमचे डॉक्टर म्हातारे आणि भले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सिस्टरांना सांगून टाकलं होतं, "तुम्हाला सुचेल तसं करा, मी आहेच." ते नसायचेच, पण त्या एका तोंडी वाक्यावर आमच्या कारखान्यातले सगळे लहानमोठे टाके घातले गेले, डोळ्यांतले लोखंडाचे किस निघाले, तापाच्या गोळ्या वाटल्या गेल्या. कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून कुणी काही विचारलंही नाही.

मग ते डॉक्टर थकले आणि त्यांच्या जागी मेजरसाहेब आले. सैन्यातून निवृत्त झालेले, देहूरोडच्या छावणीचा कडकपणा अंगावर इस्त्रीसारखा बसलेला. आल्याबरोबर त्यांनी दवाखान्याच्या दारावर पितळी पाटी लावली. तिच्यावर नाव कमी आणि पदव्या जास्त होत्या. दुसऱ्या दिवशी एका फिटरच्या कोपरावरचे टाके पाहून त्यांनी विचारलं, "हे कुणाच्या ऑर्डरने घातले?"

"रक्ताच्या," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, तुमचं रजिस्ट्रेशन नर्सचं आहे. अर्ध्या डॉक्टरचं नाही."

"अर्धी डॉक्टर नाहीच मी. अख्खी नर्स आहे."

आता मेजरसाहेबांचं सगळंच चूक होतं असं नाही. उद्या एखादी जखम चिघळली तर जाब कुणाला विचारणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी स्वतः नियमांची पुस्तकं चाळली. कारखान्यात एक शिकलेली नर्स हवी, हे सापडलं. डॉक्टर नसताना तिने काय करावं आणि काय करू नये, हे लिहायचं मात्र कुणाला सुचलेलं दिसलं नाही. ही जागा मोकळी होती, आणि मोकळ्या जागेत मेजरसाहेबांनी सर्क्युलर लावलं: प्रथमोपचाराखेरीज कोणताही इलाज डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरशिवाय होणार नाही.

महिन्याभरात कुरुळीच्या नामदेवचा तळहात पत्र्याने फाटला. सिस्टरांनी दाबपट्टी बांधली आणि टाक्यांसाठी त्याला पुण्याला न्यायला जीप मागितली. जीप एका डायरेक्टरांना स्टेशनवरून आणायला गेली होती. नामदेव बसून बसून कंटाळला आणि कुणाला न सांगता उठून गेला. शेजारच्या मशीनवाल्याने पट्टी सोडून जखमेत तंबाखू भरली, वर मशीन पुसायचं सुताचं वेस्ट गुंडाळलं. चार दिवसांनी तो आला तेव्हा बोटं काळीनिळी होऊन वांग्यासारखी टरारली होती. "मेल्या, तंबाखू खायची अक्कल नाही, ती लावतोस?" असं म्हणून सिस्टर त्याच्यावर एवढ्या ओरडल्या की मशीनवाला शेजारी दिवसभर संडासात लपला. त्यातलं एक बोट राहतं की जातं, अशी वेळ आली. शेवटी राहिलं, पण आकड्यासारखं; सरळ होईना.

सिस्टर माझ्या खोलीत आल्या. ओरडायच्या नाहीत तेव्हा त्यांची भीती वाटायची. "जोगळेकर, दिवाळीपर्यंत वाट बघते. डॉक्टर नसताना मी काय करायचं ते मला लेखी द्या. नाहीतर मी गावी जाऊन आंबे राखते. तिथे निदान माकडांना हाकलायला ऑर्डर लागत नाही." त्या बोलल्या तसं करतील याची मला खात्री होती. त्या गेल्या तर त्या खोलीत राहणार होतं काय? एक खाट, एक स्टोव्ह आणि एक पितळी पाटी.

मी मॅनेजरसाहेबांपुढे शब्द टाकला. त्यांनी विषय विचाराधीन ठेवला. आमच्याकडे विचाराधीन ठेवलेल्या गोष्टी नंतर रद्दीत सापडत. पण बबन तेव्हा युनियनमध्ये नवीनच पुढे पुढे करत होता. अंगठ्याची पट्टी बदलून घेताना त्याने सिस्टरांना अक्कल शिकवली, आणि ती मी माझ्या कानांनी ऐकली. "सिस्टर, भांडू नगा. आमी काय करतो ठावं हाय न्हवं? सायेब सांगंल तेवडंच करायचं. एक रेघ जास्त न्हाई, एक रेघ कमी न्हाई. सायबाला तीन दिसांत घाम फुटतो."

नियमाप्रमाणे काम! या हत्याराशी मी नोकरीभर झगडलो, पण ते पांढऱ्या साडीत येताना प्रथमच पाहिलं. दवाखान्यात फोन नव्हता. तो मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर होता. सिस्टर तिथे येऊन उभ्या राहू लागल्या. ऑपरेटरकडून पुणे लावून घ्यायचं आणि मेजरसाहेबांच्या खासगी दवाखान्यात विचारायचं, "डॉक्टरसाहेब, एका माणसाचं डोकं दुखतंय. गोळी एक देऊ की अर्धी?... एक? मग चिठ्ठी पाठवा. हो, लेखी लागते. सर्क्युलर आहे ना." मेजरसाहेब मोठ्याने काय बोलत ते आम्हाला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येई. मग पुढचा माणूस, खोकल्याचा. मॅनेजरसाहेबांनी डोकं धरलं, तर सिस्टरांनी त्यांच्यासाठीही पुणे लावून दिलं. हे करताना त्यांचा आवाज इतका मऊ असे की मला शोकसभेतले वक्ते आता थोडेसे समजतात.

तरीही दिवाळी जवळ आली आणि लेखी काही आलं नाही. आलं ते नव्या दवाखान्याचं उद्घाटन. इमारत तीच, एक भिंत पाडून खोली मोठी केली होती. मुंबईहून कुणी बडे अधिकारी पाहुणे म्हणून आले. मांडव, हार, बँड, सगळं यथासांग. फक्त फीत कापायची कात्री आणायचं राहिलं. स्टोअर्सकडे निरोप गेला, 'पाहुण्यांसाठी चांगली, मोठी, नवी कात्री द्या', आणि स्टोअरकीपरने आपल्याकडची सर्वांत मोठी, सर्वांत नवी कात्री चांदीच्या ताटात ठेवून पाठवली. ती पत्रा कापायची होती. पत्रा कापणाऱ्या कात्रीला रेशमी फीत समजत नाही. ती दुमडून पात्यांमध्ये बसली. पाहुण्यांनी डाव्या हाताने फीत ताणली, उजव्याने जोर लावला... आणि फीत तशीच राहिली. अंगठा कापला गेला.

तोवर तिकडे माइकवर मेजरसाहेबांचं भाषण सुरू झालं होतं. विषय शिस्त. सिस्टर पुढे झाल्या, अंगठ्यावर गॉझ दाबला आणि पाहुण्यांचा हात वर धरून उभ्या राहिल्या. मागच्या रांगांना वाटलं, पाहुणे घोषणा देतायत; तिकडून टाळ्या आल्या.

"अहो बाई, औषध लावून पट्टी बांधा ना!"

"बांधते. डॉक्टरसाहेबांचं भाषण होऊ दे. दाबून धरायला ऑर्डर लागत नाही, औषधाला लागते."

"हा काय प्रकार आहे? आणि डॉक्टर इथे नसते तर?"

"डॉक्टर नसतानाच बोटं कापतात, साहेब. आज ते आहेत हे तुमचं नशीब. त्या तिसऱ्या रांगेतल्या नामदेवचं नव्हतं."

पाहुण्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. नामदेवने नमस्कार केला. एक बोट सरळ होत नसल्यामुळे तो जरा वेगळाच दिसला. भाषण अर्ध्यावर टाकून मेजरसाहेब खाली आले. त्यांनी गॉझ पाहिला, वर धरलेला हात पाहिला, नामदेवलाही पाहिलं, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं हे मला फार उशिरा पटलं. "बांधा," ते म्हणाले. मग हळूच, "सैन्यात माझा ऑर्डर्ली याहून जास्त करायचा."

"त्याला लिहून दिलेलं असायचं ना?"

"असायचं."

"मग?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं समोरासमोर बसले. मी साक्षीला होतो. मेजरसाहेब भराभर लिहीत गेले: साधे टाके, डोळ्यातला वरवरचा किस, भाजल्यावरचा इलाज, धनुर्वाताची सुई, ठरावीक गोळ्या. सही ठोकून कागद पुढे केला. सिस्टरांनी वाचला आणि परत सरकवला. "अर्धाच झालाय. मी काय करायचं नाही ते कुठाय?"

मेजरसाहेब चकित झाले. "ते कोण मागतं?"

"मी मागते. उद्या हे कुरुळीला बाळंतपणाला बोलावतील, म्हाताऱ्याला बाटली चढवा म्हणतील, छातीत दुखतंय तर सुई द्या म्हणतील. नाही म्हणायला माझ्यामागे काहीतरी नको? सगळं येतं म्हणणारी माणसं फार पाहिलीत मी, डॉक्टरसाहेब. त्यातली काही तर डॉक्टर होती."

दुसरी बाजू लिहायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि मला वाटतं, त्या वेळातच त्या दोघांची दोस्ती झाली.

त्याच दिवशी पेंटर दारावर टांगायची दुतोंडी पाटी घेऊन आला. एकीकडे 'डॉक्टर आत आहेत', दुसरीकडे 'डॉक्टर नाहीत'. सिस्टरांनी ती परत पाठवली. "नाहीत, नाहीत असं काय दारावर लिहायचं? कोण आहे ते लिही." दुसऱ्या बाजूला मग 'सिस्टर आत आहेत' आलं. त्यानंतर पितळी पाटी कुणी वाचली नाही.

करायच्या बाजूने त्यांनी किती माणसं सांधली ते कामगारांना ठाऊक आहे. मला आठवतात ते त्यांचे नकार. "सुई टोचा की सिस्टर, गोळीनं काय व्हतंय?" असं बबन प्रत्येक पडशाला म्हणे आणि प्रत्येक वेळी गोळी घेऊन जाई. पण त्याच्या वडिलांच्या छातीत दुखलं तेव्हाही त्या सुई देईनात, म्हणून हा चिडला. "मग शिकलात कशापायी?" त्यांनी शांतपणे त्या बापलेकांना जीपमध्ये घातलं आणि स्वतः शेजारी बसून पुण्याला नेलं. म्हातारा पुढे बरीच वर्षं बबनला शिव्या देत जगला. मला तर त्यांनी वार्षिक समारंभ चुकवण्यापुरतं आजारपणाचं सर्टिफिकेटसुद्धा दिलं नाही. "तुम्ही आजारी आहात असं लिहायचा मला अधिकार नाही. तसे दिसता, एवढं तोंडी सांगेन सगळ्यांना."

रिटायर झाल्या तेव्हा कंपनीने चांदीची समई दिली. त्यांनी पाटी मागितली. चिंचवडगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दारावर ती इतके दिवस टांगलेली होती, 'सिस्टर आत आहेत' बाहेर करून. घरात डॉक्टर कुठले? पण बाजारात वगैरे निघाल्या की त्या पाटी उलटी करत. 'डॉक्टर आत आहेत' याचा अर्थ, सिस्टर बाहेर गेल्या आहेत, येतील इतक्यात, पायरीवर बसा. हे सगळ्या आळीला माहीत होतं. मेजरसाहेब शेवटची वर्षं आपली मधुमेहाची सुई त्यांच्याकडूनच टोचून घेत, आणि पुष्कळदा त्या पायरीवर त्या पाटीखाली बसलेले दिसत. "मी बाहेर असताना आतही असतो," असं एकदा मला म्हणाले.

शोकसभेनंतर मी तिथे गेलो. कुलूप होतं. शेजारच्या कमलताई बाहेर आल्या. इस्पितळात न्यायला रिक्षा आली तेव्हा सिस्टरांना धड उभंही राहवत नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. दोघांनी धरून आणलं होतं. "पण दारात थांबल्या. म्हणाल्या, थांबा मेल्यांनो, घाई काय आहे? आणि स्वतःच्या हाताने पाटी फिरवली. आम्ही काही ती परत फिरवली नाही."

मी वर पाहिलं. 'डॉक्टर आत आहेत.'

मग मी रुमालाने पायरी झटकली आणि बसलो.