ट्रेलरच्या टायरांना खोबरेल

आमच्या घरात डोक्याला, गुडघ्यांना आणि ट्रेलरच्या टायरांना एकच तेल लावलं जायचं, घाण्याचं खोबरेल. डोक्यावरचे केस गेले, गुडघे अजून कुरकुरतात, पण टायर असे चकाकायचे की वाटेने जाणारा थांबून विचारी, "नवे घेतलास काय?"

ट्रेलर म्हणजे माझ्या जुन्या जीपमागे जोडायची दोन चाकी छोटी गाडी. आंब्याच्या पेट्या आणि काजूची पोती न्यायला घेतलेली. हंगामात पळायची आणि उरलेलं वर्ष घरापुढच्या खळ्यात माडाखाली उभी राहायची, ऊन खात, खारा वारा पीत. टायर झिजणार कधी? त्यांची नक्षी नव्यासारखी खोल होती. बाजूंना मात्र बारीक चिरा पडल्या होत्या, उन्हाळ्यात माणसाच्या टाचांना पडतात तशा. टाचांना आपण काय लावतो? खोबरेल. मग टायरांना काय लावणार? (या हिशेबात चूक कुठे आहे ते मला अजूनही पटलेलं नाही.)

ती चूक पहिल्यांदा दाखवली माझ्या मुलीने, प्राचीने. ती पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीत घरी आली की आमच्या चुका काढते. ती टायरजवळ उकिडवी बसली, ओचा सावरल्यासारखी ओढणी सावरली आणि बाजूवर उमटलेले चार आकडे मला दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल.

"बाबा, टायर झिजलो नाय म्हणान बरो नसता. त्येचा वय बघूक होया. ह्यो मी शाळेत असताना जन्माक इलो. आणि तेल लावन रबर मऊ पडता, बरा होना नाय."

मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याचं वय बघितलंय तेवढं पुरे. तिचं लग्न ठरलं होतं. जावयाची मी पत्रिका पाहिली, उंची पाहिली, रेडीला त्यांच्या घरी जाऊन विहिरीचं पाणीसुद्धा चाखून आलो. टायरची जन्मतारीख कुठला बाप विचारतो? तिने मग स्टेपनी कुठे आहे असं विचारलं. मी अंगणाकडे बोट दाखवलं. स्टेपनीला पांढरा रंग देऊन माझ्या बायकोने, सुमनने, तिच्यात जास्वंद लावली होती. जास्वंद भरभरून फुलली होती, आता तिला कोण उठवणार!

लग्न होतं मसुऱ्याच्या हॉलमध्ये, वैशाखातल्या उन्हात. रुखवत सुमनच्या बहिणी सावंतवाडीला करत होत्या. सुमनचं म्हणणं, ते टेम्पोने मागवू. माझं म्हणणं, दारात ट्रेलर असताना टेम्पो कशाला. खरं कारण वेगळं होतं. माझ्या पायाला भिंगरी आहे. लग्नाच्या सकाळी मला सगळ्यांनी एका खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. मी उठून खुर्च्या सरळ केल्या, मग तिरक्या केल्या, मग आचाऱ्याच्या आमटीत डोकावलो. आचाऱ्याने हातातला डाव खाली ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं. तेवढ्यात सावंतवाडीहून फोन आला, रुखवत तयार आहे. मी मेहुण्याला, बाळाला, हाक मारली आणि जीप सुरू केली.

प्राची हळदीच्या अंगाने दारात आली. एरवी ती माझी थट्टा करते, त्या दिवशी नाही केली.

"बाबा, रेडीची माणसा येतीत तेवा दारात तुमीच उभे होये. तुमी येयपर्यंत मी भायर येवचंय नाय."

मी शब्द दिला.

वाटेत हवा भरायला थांबलो. ऊन टायरांना चटके देत होतं आणि प्राचीने बजावलं होतं की हवा टायर थंड असताना बघायची आणि टायरवर लिहिलीय त्याहून जास्त भरायची नाही. पण घरचं लग्न होतं, हात आखडता कसा घेणार? मी त्या माणसाला म्हटलं, भर सढळ हाताने. टायर तट्ट फुगले. बाळाने एकाला थाप मारली आणि तबल्यासारखा वाजतो म्हणून खूश झाला.

सावंतवाडीला रुखवत बघून मी थक्क झालो. प्राचीच्या मावश्यांनी रव्याच्या लाडवांचा समुद्रातला किल्ला उभा केला होता. तट, बुरूज, दरवाजा, आत दोन करंज्यांची देवळं आणि भोवती खाज्यांचा समुद्र. शिवाय लाकडी फळांची परडी. ते सगळं ट्रेलरवर चढलं. मग मावश्यांना आठवलं की यंदा नारळ खूप झालेत. नारळांची पोती चढली. पुढे किल्ला होता म्हणून बाळाने पोती सगळी मागच्या टोकाला रचली. ट्रेलरचं नाक वर आलं आणि जीप मागून उचलल्यासारखी झाली. मी त्याला विचारलं, जास्त नाही ना झालं?

"भावजी, टायर बघा कसे चकाकतत," बाळा म्हणाला.

कुडाळ सोडलं आणि ट्रेलर मागे डुलायला लागला. मला घाई. घड्याळ बघ, आरसा बघ, पुन्हा घड्याळ बघ. वेग वाढवला तसं डुलणं वाढलं. सुमनचा फोन आला, कुठे आहात. मी म्हटलं, पोचतंच. हा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत मागे असा बार उडाला की समोरच्या फणसावरचे कावळे उठले. जीप आडवी होता होता रस्त्याकडेला थांबली.

डाव्या टायरची बाजू चिरेतूनच फाटली होती. नक्षी तेवढी शाबूत होती, नव्यासारखी खोल. किल्ल्याचे दोन बुरूज समुद्रात पडले होते. पोती फुटून नारळ उताराने धावत सुटले, आणि मी त्यांच्यामागे. धोतर वर धरून! बाळाने स्टेपनी मागितली. मी म्हटलं, तिला फुलं आलीत.

नारळ कवेत घेऊन मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि मला खरंच रडू यायला लागलं. लाडू पुन्हा वळता येतात. पण पोरगी आत बसून राहणार होती आणि दारात उभं राहायचं ते माणूस इथे नारळ गोळा करत होतं. एक रिक्षा भरून गेली, एक दुचाकीवाला नारळ चुकवत गेला. आणि मग वळणावरून फुलांचे हार लावलेली बस आली. रेडीची. वऱ्हाडाची.

बस थांबली. माझे व्याही उतरले. फेटा बांधलेला, कोट घातलेला, शांत माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नारळांकडे पाहिलं, ढासळलेल्या किल्ल्याकडे पाहिलं.

"व्याहीबुवा, हय काय करतास?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमका न्हेवक इलंय. आमच्यात वेशीर येवन पावण्यांका घेवन जातत."

व्याह्यांनी मान वळवून मसुऱ्याच्या दिशेला बघितलं.

"वेस बरीच लांब आणलास," ते म्हणाले आणि मला हाताला धरून बसमध्ये चढवलं.

बाळा जीपपाशी राहिला. रुखवत बसमध्ये आलं आणि नवऱ्याकडच्या बायकांच्या मांडीवर वाटलं गेलं. कुणाच्या ओटीत तट, कुणाच्या ओटीत समुद्र. नवऱ्याच्या आत्याने वाटेत बुरूज पुन्हा बांधले, पण देवळं दरवाजाबाहेर राहिली. नवरदेवाने मला खिडकीची जागा दिली. मी तिथे बसलो नाही. दारातल्या दांड्याला धरून उभा राहिलो आणि ड्रायव्हरला दर वळणावर सांगत होतो, जरा हाण रे.

हॉलच्या दारात वाजंत्री सुरू झाली. सुमन आरतीचं ताट घेऊन उभी होती आणि तिची नजर माझी जीप शोधत रस्त्याकडे लागली होती. व्याह्यांनी मानाने मला पुढे केलं. बसच्या पायरीवरून पहिला मी उतरलो. धोतर मळलेलं, कपाळाला लाडवाचा रवा, काखेत नारळ. सुमनचा हात सवयीने ओवाळायला लागला, मग थांबला.

"तुमी खंयच्या बाजूचे?" ती म्हणाली.

मागे सगळं वऱ्हाड हसलं. मी तिच्या हातातलं ताट तिच्याच हातात राहू दिलं, वळलो, तिच्या शेजारी उभा राहिलो आणि व्याह्यांना नमस्कार केला. त्यांनी तो अगदी पहिल्यांदाच भेटत असल्यासारखा घेतला. वर खिडकीत प्राची होती. मुंडावळ्या सावरत ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाली, "इलास मां." मला पुढचं काही दिसेना.

दिवाळसणाला सासऱ्याने जावयाला द्यायचं असतं. आमच्या जावयाने मला तीन नवे टायर आणले, ट्रेलरचेच, ओझं पेलणारे. प्राचीने आधी जन्मतारीख वाचून दाखवली. जास्वंद अंगणातल्या मातीत गेली, स्टेपनी नवा टायर घालून ट्रेलरवर आली. ट्रेलर आता छपराखाली लाकडी ठोकळ्यांवर चाकं उचलून उभा असतो, आणि हवा मी गार सकाळी, चष्मा लावून बघतो.

खोबरेलाची बाटली मात्र सुमनने कपाटात घालून किल्ली कमरेला लावली आहे. हिवाळा सुरू झाल्यापासून माझे गुडघे फार कुरकुरतात. रोज मागतो, पण तेल मागितलं की ती आधी ट्रेलरकडे बघते.