आईपासून लपवलेलं लग्न

ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूत अधिकाऱ्याने दोघींना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला. संपदा सध्या कुठे झोपते?

"आमच्या बेडरूममध्ये," केतकी म्हणाली.

"गेस्टरूममध्ये," संपदा म्हणाली.

मी त्यांची वकील, दोन्ही वेळा शेजारी बसलेले.

अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं की जोडीदाराला ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळू शकते. त्यासाठी खोटी लग्नंही होतात, म्हणून अधिकारी ताकही फुंकून पितात. मीही पिते. नागपूरच्या संपदाची नोकरी गेली होती आणि तिचा व्हिसा नोकरीवरच होता, केस फसली तर तिला देश सोडावा लागणार होता. आणि लग्न झालं होतं नेमकं नोकरी गेल्यावर. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पार्किंगमध्ये मी दोघींना धरलं. "खरं सांगा, लग्न फक्त कागदावर आहे का?"

"नो!" इथेच जन्मलेली केतकी उसळली. "आमचं सिव्हिल युनियन कधीचं झालंय!"

सिव्हिल युनियन म्हणजे न्यू जर्सी राज्याने जोडप्याला दिलेली मान्यता. हक्क लग्नासारखेच, पण इमिग्रेशनला ती चालत नाही.

"मग तेव्हाच लग्न का नाही केलंत?"

संपदा खाली बघत म्हणाली, "आई दर फोनला विचारायची, लग्न केलंस का? युनियन म्हणजे लग्न नव्हे, त्यामुळे नाही म्हणताना खोटं बोलावं लागायचं नाही. आता ती इथे आलीये, म्हणून मी गेस्टरूममध्ये झोपते. हे कळलं तर लग्न खोटं वाटेल, म्हणून केतकीने बेडरूम सांगितली."

कायद्यातून पळवाट काढणारे खूप पाहिलेत. आईसाठी काढलेली ही पहिलीच. तरी माझा पूर्ण विश्वास बसला नाही.

अधिकाऱ्याने आणखी पुरावे मागितले. ते घ्यायला मी वेस्ट विंडसरला त्यांच्या घरी गेले. दोघी वर फोटो शोधत होत्या. दार काकूंनी, संपदाच्या आईने उघडलं. मी तोंड मिटून बसले, अशिलाचं गुपित फोडायचं नसतं.

चहा देताना काकूच हळूच म्हणाल्या, "रूममेट आहेत म्हणे! परवा डिशवॉशरवरून भांडल्या. संपदा रुसली, तर केतकीने यूट्यूब बघून तिच्यासाठी झुणका केला. रूममेटचा रुसवा कोण काढतं हो?"

तेवढ्यात दोघी जिन्यात दिसल्या. संपदाचा चेहरा पांढराफटक.

"लग्न केलंत ना?" काकूंनी विचारलं.

संपदाने होकारार्थी मान हलवली.

"मग मला का नाही बोलावलंस?" काकू म्हणाल्या. संपदा रडायलाच लागली. डोळे पुसत काकू माझ्याकडे वळल्या. "वकीलबाई, माझ्या सहीचा काही उपयोग होईल?"

झाला. काकूंचं प्रतिज्ञापत्र जोडलं आणि ग्रीन कार्ड मंजूर झालं.

तेव्हापासून "आईला यातलं काही माहीत नाही" असं अशील म्हणालं, की मी पहिला संशय त्याच वाक्यावर घेते.