आधी मजला, मग खोली

कुठल्याही नॉबला हात लावण्याआधी आमचे शेजारी बोटं पॅन्टला पुसायचे. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, त्यामुळे हाताला ग्रीस नसलं तरी पुसणं चालूच. मग म्हणायचे, "साहेब, आधी मजला, मग खोली."

साहेब म्हणजे मी. त्याच कारखान्याच्या तपासणी विभागात होतो आणि त्यांच्या कामात चुका काढणं हा माझा पगारी उद्योग होता. पंचवटीत आमची घरं एका भिंतीला लागून. पलीकडून रोज त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, भजन ऐकू यायचं. माणसं मूळची घोटीकडची. वहिनींचा आवाज खणखणीत, पट्टी काळी चार. मग गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज उतरला, आणि भजनी मंडळात त्या नुसते टाळ धरून बसू लागल्या. पुढे तेही सोडलं.

हे त्यांना बघवेना. एक दिवस वहिनींना तानपुऱ्यासारखा सूर धरून द्यायला बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातला जुना सिंथेसायझर घेऊन आले. यंत्र दिसलं की खोलून बघितल्याशिवाय चैन न पडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यात आवाज काढणारे दोन ऑसिलेटर, प्रत्येकाला दोन नॉब. ऑक्टेव्हचा नॉब टक्‌ टक्‌ करत फिरतो. सूर तोच राहतो, सप्तक बदलतं. तो मजला. पिचचा नॉब अलगद फिरतो आणि सूर थोडा थोडा वर-खाली सरकतो. ती खोली.

पहिल्या दिवशी त्यांनी सरळ विचार केला: आवाज उतरलाय ना, मग ऑक्टेव्ह एक घर खाली. वहिनी 'सा' लावायला गेल्या आणि घशातून नुसती हवा आली. त्या उठून आत गेल्या.

"माणूस दोन-तीन पायऱ्या उतरलं, आन्‌ मी पार खालच्या मजल्यावर हुडकतोय," ते मला म्हणाले. चेहरा इतका पडला होता की मला थट्टा सुचली नाही, आणि असं फार क्वचित होतं.

त्यांनी ऑक्टेव्ह पुन्हा वर नेला. वहिनी भाजी निवडताना नकळत गुणगुणायच्या. ते बाहेरच्या खोलीत बसून पिचचा नॉब तसूतसूने खाली आणायचे. आठवडाभर हेच. एका सकाळी यंत्राचा सूर आणि गुणगुणणं एकमेकांत मिसळलं.

"थांबा, आता हलवू नका," वहिनी आतून म्हणाल्या, आणि गायल्या. पट्टी पांढरी चारच्या आसपास. भिंतीच्या अलीकडे मी चहाचा कप धरून उभा होतो. रडलो, खोटं कशाला बोलू.

त्या नॉबवर त्यांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. दुसरा ऑसिलेटर मात्र त्याच्यापासून केसभर बाजूला ठेवला. त्यामुळे सुरात एक मंद लाट उठायची. माझ्यातला तपासनीस जागा झाला.

"अहो, हे दोन्ही जुळत नाहीत."

"नायच जुळवायचं, साहेब. तंतोतंत केलं की एकच माणूस बसल्यावानी वाटतं. जरा हाललं की दोघं हायेत असं वाटतं."

मी मान डोलावली. पटलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर ते हां हां म्हणता गेले. पलीकडचा आवाज दोन महिने बंद होता. मग वहिनींनीच बोलावलं. "भाऊजी, पेटी चालू करून देता का?" सिंथेसायझरला त्या पेटीच म्हणत.

मी चालू केली. दुसऱ्या ऑसिलेटरचा पिचचा नॉब दिसला आणि सवयीने हात गेला. निदान आता तरी यंत्र बरोबर असावं, म्हणून तो पहिल्याशी तंतोतंत जुळवून टाकला.

वहिनींनी 'सा' लावला आणि लगेच थांबल्या.

"कायतरी केलंत तुम्ही, भाऊजी. आज एकटीच बसलेय असं वाटतं."

ते मला काय म्हणाले होते, हे मी वहिनींना कधीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या नॉबवर कसलीच खूण नव्हती. तो त्यांनी कानाने लावलेला. मी बोटं पॅन्टला पुसली आणि फिरवत गेलो. वहिनी ऐकत होत्या. "नाय... अजून जरा... पुढं गेलं... मागं..."

शेवटी त्यांनी डोळे मिटले. सुरात ती मंद लाट आली होती. मी हात काढून घेतला.