टिकलीची मागची बाजू

आरशाची चौकट मोडली, म्हणून शिंदखेड्याच्या काचवाल्याकडे नेला. चौकट बसव म्हटलं, तर हा खांद्यावरच्या फडक्यानं काचच पुसायला लागला. मी त्याचं मनगट धरलं.

"टिकली राहू दे भाऊ. बायकोनी शे, तिचीच. पोळ्याला देवाघरी गेली ती."

फडकं थांबलं, तोंड काही थांबलं नाही. "आबा, काच काहीच दाखवत नाही. मागची कलई उजेड परत फेकते."

"शाळा नको शिकवू. खिळे मार."

चौकट बसली, तरी आरसा हातात देईना. तिरका धरून म्हणाला, "टिकलीखाली बघा. तिची मागची बाजू दिसते. कपाळाला चिकटायची ती."

आता रोज दाढी राहून जाते आणि मी आरसा तिरका धरून बसतो. लेकाच्यानं नसता नाद लावला.