सापडली म्हणे

इथे पिंप्राळ्यात शेजारी बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, घाटा शिजतोय. त्यातल्या लसणाचा वास आला की आजही माझं डोकं तापतं.

लहानपणी शिंदखेड्याला अंगणात आई बायकांसोबत बिबडे थापत होती. शेजारच्या अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझी सोन्याची पोत हिनंच उचलली म्हणे."

"कोण म्हणतं? नाव सांगा," आई म्हणाली. बठ्ठ्या बाया, एकूणएक, खाली मान घालून थापत राहिल्या. आई हात धुऊन उठली. पुढे तिला बिबड्यांना कुणी बोलावलं नाही.

तेव्हा मला वाटे, 'म्हणे' म्हणजे खात्री नसलेली गोष्ट. आता कळतं, बोलणारीनं तोंड लपवायला घेतलेला तो पदर असतो.

महिन्याभरानं पोत अक्कांच्याच पिठाच्या डब्यात निघाली. ती गळ्यात घालून त्या आमच्या दारावरून गेल्या. 'सापडली म्हणे' एवढंसुद्धा कुणी म्हटलं नाही.