पोपटमामांची सेकंड डिग्री

केडगावला शैलाताईंच्या रेकी क्लासला मी दर बुधवारी जाते. माझ्या गुडघ्याला किती फरक पडला ते विचारू नका. किस्से मात्र एवढे साठलेत, की बहीण फोनवर तब्येत विचारतच नाही. "आज काय झालं गं?" एवढंच!

*

शैलाताई रिटायर्ड मुख्याध्यापिका. क्लासच्या सुरुवातीला डोळे मिटून म्हणायचं, "फक्त आजचा दिवस मी रागावणार नाही."

एकदा हे म्हणत असतानाच गेटसमोर कुणीतरी टेम्पो लावला. ताई तशाच गॅलरीत गेल्या आणि ड्रायव्हरची अशी बिनपाण्याने केली, की आम्ही आत डोळे उघडायला घाबरलो. परत येऊन मांडी घालत म्हणाल्या, "आजचं राहू द्या. उद्यापासून धरू."

*

एकदा ताईंचंच डोकं चढलं. मी म्हटलं, "ताई, स्वतःला रेकी द्या ना!"

"देते की! आधी ती डोकेदुखीची गोळी आण."

गोळी तळहातावर घेऊन पाच मिनिटं तिला रेकी दिली आणि मग गिळली.

*

लाइट गेली आणि इन्व्हर्टर बंद. क्लासमधल्या साळवे सरांच्या सांगण्यावरून आम्ही आठ जण त्याच्याकडे हात करून बसलो. दहा मिनिटांत पंखा फिरला! टाळ्या! मी खिडकीतून पाहिलं, तर अख्ख्या कॉलनीची लाइट आली होती.

साळवे सर म्हणाले, "बघा, कुठपर्यंत गेली एनर्जी!"

*

देवळाली प्रवराचे पोपटमामा, ऊसवाले, आधी रेकीला "हातवारे" म्हणायचे. क्लासला आले ते बायकोसाठी. मामींचा उजवा खांदा चार महिने आखडलेला. हात वर जाईना, वेणी घालायला शेजारीण लागायची. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम दुखतो म्हणून सोडलेला.

"रडती हो ती. मला बघवत न्हाई," मामा सगळ्यांसमोर म्हणाले, तेव्हा कुणीच हसलं नाही.

ताईंनी बजावलं, "गोळ्या चालू ठेवायच्या आणि व्यायाम पुन्हा सुरू करायचा. वर रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसून खांद्यावर हात ठेवायचा. मोबाईल बंद, तोंड बंद."

मामांनी महिनाभर नेमाने केलं. मग हळूच म्हणाले, "ताई, बसतो मी. पन उसाला पानी कोन धरनार?"

"मग सेकंड डिग्री घ्या. तिच्यात हात लावावा लागत नाही. बांधावर बसून घरी रेकी पाठवायची."

"हे लई ब्येस!" मामांनी तिथल्या तिथे नाव दिलं.

पुढच्या बुधवारी दारात एक बाई उभ्या. मागे मामा, हातात पिशवी, मान खाली. म्हणजे या मामी! आत येता येता त्यांनी उजव्या हाताने पदर सरळ डोक्यावर घेतला.

ताई खूश. "अहो, खांदा सुटला की तुमचा!"

"खांद्याचं ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. "चाळीस वर्सांत ह्ये पयल्यांदा माझ्यापाशी अर्धा तास गप बसाया लागले. आन् आता म्हनं बांधावरून पाठिवनार! पाया पडते ताई, ह्यांना नापास करा!"