कुडाळच्या आईचं काम

आमच्या मॅडमना स्वतःचा आवाज आवडत नसे, आणि कुवेतमध्ये तरी त्यांची त्यापासून सुटका नव्हती. जाब्रियातल्या ज्या दवाखान्यात त्या गुडघे दाखवायला जात, तिथे टोकनचे नंबर त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात पुकारले जात. मॅडम बाकावर बसून ऐकत आणि शेजारणीला सांगत, "किती कोरडं बोलते ही बाई. त्या माणसाला आधीच दुखतंय." शेजारीण मान डोलवी. एकदा त्यांचाच नंबर पुकारला गेला, तर त्या उठेचनात. "नीट बोलाव म्हणावं, मग येते," म्हणाल्या. मी सोबत होतो. ते मुद्रण मीच केलेलं असल्यामुळे मला काही बोलायला तोंड नव्हतं.

मी तेव्हा एका छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रक होतो. मॅडम आमच्याकडे इंग्रजी सूचनांना आवाज द्यायला येत. जन्म त्रिनिदादचा. पंधराव्या वर्षी त्या तिथल्या रंगभूमीवर उभ्या राहिल्या, पुढे लंडनला गेल्या, नाटकं केली, मालिका केल्या, चित्रपटांतही दिसल्या. पण नेहमी कुणाची तरी नर्स, नाहीतर कुणाची तरी मोलकरीण, आणि चित्रपट अर्धा व्हायच्या आत मरायच्या. "मी विषाने मेलेय, बर्फात मेलेय, एकदा तर नुसती टेलिफोनवर मेलेय," असं त्या सांगत, एखादी शिक्षिका आपल्या बदल्या सांगते तशा. नवरा इंजिनिअर. त्याला इथल्या शुऐबा बंदराजवळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून त्या इकडे आल्या. तो वारल्यावरही इथेच राहिल्या. लिफ्ट, पार्किंग, दवाखाने आणि कार्टूनमधलं एक म्हातारं कासव, एवढा त्यांचा संसार उरला होता.

कुठलंही वाक्य त्या नुसतं वाचत नसत. "दार बंद होत आहे," एवढंच मुद्रित करायचं होतं. मॅडमनी विचारलं, "कुणाच्या तोंडावर?" मी म्हणालो, "मॅडम, लिफ्ट आहे." "ते कळलं. पण बाहेर कोण राहिलंय?" बाहेर कोण राहिलंय ते ठरवण्यात आमची अख्खी सकाळ गेली. शेवटी एक म्हातारे गृहस्थ राहिले असं ठरलं, आणि मग ते वाक्य त्यांनी इतक्या अपराधी स्वरात म्हटलं की गिऱ्हाइकाने ते परत पाठवलं. दार बंद होताना लोक मध्ये हात घालायला लागले होते म्हणे.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने नाटक बसवलं होतं. लिहिलं होतं बँकेतल्या जोशीसाहेबांनी. कुडाळची एक आई मुलाकडे कुवेतला महिनाभरासाठी येते आणि त्याचं घर ताब्यात घेते, अशी गोष्ट. आईचं काम जोशीवहिनी करणार होत्या. प्रयोगाला दहा दिवस असताना त्यांच्या लेकीचं बाळंतपण अलीकडे आलं आणि त्या पुण्याला गेल्या. नाटक रद्द होणार, असं मी स्टुडिओत सहज बोललो.

"ती आई शेवटी मरते का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग मी करते."

मी जोशीसाहेबांना सांगितलं. "अहो, त्यांना मराठी येत नाही."

"आपल्या मुलांनाही येत नाही. त्यांना घेतोच ना आपण?"

दुसरी बाई मिळत नव्हती, म्हणून ते कबूल झाले.

नेपथ्य करायला भिवा नावाचा सुतार यायचा. तो खुद्द कुडाळजवळचा. जलीब या कामगारवस्तीतल्या एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचा. आईचे सगळे संवाद त्याने आपल्या फोनवर वाचून द्यावेत आणि मॅडमनी ते ऐकून पाठ करावेत, असं ठरलं. भिवाने खोलीत बसून अख्खं नाटक वाचलं. मॅडम नऊ दिवस कानाला फोन लावून फिरत होत्या. प्रत्येक वाक्याचा अर्थ मी सांगायचो. पण मुद्रणाचा शेवटचा तुकडा भिवाने उशिरा पाठवला, आणि तो मी आधी ऐकला नाही. ही चूक माझी.

प्रयोग शुक्रवारी दुपारी, एका शाळेच्या सभागृहात होता. जलीबहून दोन बस भरून माणसं आली होती. मॅडम नऊवारीत आल्या आणि पहिल्याच वाक्याला मागच्या रांगांतली माणसं पुढे सरकून बसली. बोलणं तंतोतंत कुडाळचं होतं. भिवा प्रत्येक वाक्याआधी खाकरतो, ते खाकरणंही आलं होतं. मध्ये एका जागी त्या अडल्या, आणि जराही न थांबता त्रिनिदादच्या आपल्या घरच्या बोलीत चार वाक्यं ठोकून पुढे गेल्या. माझ्या मागच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "ही आमच्या बाजूची नाय. वेंगुर्ल्याकडची असतली."

शेवटच्या प्रवेशात आई मुलाचा निरोप घेते. मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि जड आवाजात म्हणाल्या, "रे, पंखो बंद कर."

हे नाटकात नव्हतं. भिवाने वाचता वाचता खोलीतल्या कुणाला तरी सांगितलेलं ते वाक्य होतं. मुलाचं काम करणारा आमचा अकाउंटंट वर बघायला लागला. रंगमंचावर पंखा नव्हता. मॅडमनी तेच वाक्य पुन्हा, अधिक कळवळून म्हटलं. तेव्हा मागच्या रांगेतून एक जण उठला, भिंतीजवळ गेला आणि त्याने सभागृहाचा एसी बंद केला.

जून महिना होता. उरलेला प्रवेश सगळ्यांनी घामाने निथळत पाहिला. एसी लावायला कुणी उठलं नाही. आईने सांगितलं होतं ना.

मग ती मुलाला म्हणाली, "जेवलस काय रे?" आणि विंगेतून भिवाचा आवाज आला, "होय गे."

लोक हसले. मी विंगेतच होतो. भिवा हसत नव्हता. तो हातोडी घेऊन उभा होता आणि रंगमंचाकडे बघत होता. त्याची आई मागच्या गणपतीत गेली होती आणि त्याला रजा मिळाली नव्हती. पडदा पडल्यावर तो मला म्हणाला, "मी वाचलंय तां आवशीसारख्या वाचलंय. माका वाटलां, कोणाक कळाचां नाय."

भिवाने ते आपल्या आईसारखं वाचलं होतं, हे मी मॅडमना इंग्रजीत सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "पन्नास वर्षांत ही माझी पहिली मुख्य भूमिका. आणि ती बाई कोण आहे हे मी एकदाही विचारलं नाही." त्या उठून भिवाकडे गेल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी ते पंधरा मिनिटं बोलत होते, आणि भिवा मधूनमधून हातांनी चूल दाखवत होता.

पुढच्या हिवाळ्यात मॅडम कायमच्या त्रिनिदादला निघाल्या. तिथे बहीण एकटी होती. विमानतळावर भिवा एक पाट घेऊन आला. सागवान कुठून मिळवलं देव जाणे, पण कडेला पितळी फुल्याही ठोकल्या होत्या. बॅगेत तो मावेना. मॅडमनी तिथेच जमिनीवर बॅग उघडली, लंडनचे तीन जाड लोकरी कोट बाहेर काढून माझ्या हातात दिले आणि पाट आत ठेवला.

"मॅडम, हे कोट?"

"आमच्याकडे थंडी नसते," त्या म्हणाल्या, आणि भिवाच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेल्या.

दोन कोट मी ओळखीत देऊन टाकले. तिसरा जानेवारीत माझी बायको घालते. त्याच्या बाह्या तिच्या बोटांपर्यंत येतात. कमी करून घे, असं मी दरवर्षी सांगतो. ती म्हणते, "राहू दे तसाच. त्या आल्या आणि मागितला, तर काय तोंड दाखवणार?"